वाहून नेता येईल एवढा कॅमेरा

पेडणे महाल पोर्तुगीज अमलाखाली आला तो १७८८ साली. त्यानंतर अर्धशतक उलटण्याच्या आतच त्या महालातील एक गरीब कुटुंब पोटापाण्यासाठी मुंबईस जाऊन राहिले. त्या कुटुंबाचा वडील मुलगा रामकृष्ण विठ्ठल म्हणजे पुढे विख्यात झालेले डॉ. भाऊ दाजी लाड. मुंबईच्या भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ सालापासून त्यांचे नाव आहे, तेव्हा त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी मात्र थोरल्याच्या कीर्तीच्या सावलीत झाकून गेले. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजचे अगदी पहिल्या पिढीतील पदवीधर. दोघांनीही मुंबईत वैद्यकी केली. परंतु नारायण दाजींचा आणखी एक नाद होता. हातात कॅमेरा घेणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीयांत त्यांची गणना होते.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ च्या ऑक्टोबरात. फ्रान्समध्ये दागेरच्या शोधाची घोषणा होऊन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. सोसायटीत कंपनीचे लष्करी अधिकारी होते, डॉक्टर होते, आणि काही एतद्देशीय गृहस्थही होते. भाऊ दाजी तिचे सभासद होते, आणि १८५७ पासून नारायण दाजी तिच्या कार्यकारी मंडळावर बसू लागले. दरम्यान १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्गच निघाला. त्या वर्गातून बाहेर पडलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईत धंदा मांडून बसले. सारांश, ज्या काळात आपल्याकडे मुद्रणकलेचेही बस्तान पुरते बसलेले नव्हते, त्या काळात मराठी माणसे चांदीच्या क्षारांशी खेळू लागली होती, आणि त्यांतील एक घराणे पेडण्याचे होते.

या माणसांपुढे पहिला प्रश्न कोणता उभा राहिला असेल? आजच्या वाचकास वाटेल, चित्र सुंदर कसे येईल हा. तो प्रश्न नंतरचा. पहिला प्रश्न ओझ्याचा होता. घरात किंवा अंगणात चित्रे काढावयाची तर कॅमेरा कितीही मोठा चालतो. तो उचलून गावाबाहेर, देवळाकडे, डोंगराकडे न्यावयाचा म्हटला की हिशेब बदलतो. आणि हा हिशेब केवळ त्या छायाचित्रकाराचा खाजगी हिशेब राहत नाही. आपल्या प्रदेशाचे कोणते दर्शन पुढच्या पिढ्यांस घडावे आणि कोणते घडू नये, हे बरेचसे त्या हिशेबाने ठरविले, असे आम्हास वाटते. म्हणून या विषयाचा थोडा तपशिलाने विचार करू.

त्या काळी चित्र मोठे करून छापण्याची सोय व्यवहारात जवळजवळ नव्हती. निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात धरावयाची आणि तेवढ्याच आकाराचे चित्र काढावयाचे, ही रीत. म्हणजे चित्र एक हात रुंद हवे असेल तर निगेटिव्ह एक हात रुंद हवी, आणि कॅमेरा त्याहून मोठा. कॅमेऱ्याचा आकार निवडणे म्हणजे चित्राचा आकार निवडणे, आणि तो निर्णय निघण्यापूर्वीच, घरी बसून, घ्यावा लागे. देवळाच्या भिंतीवरील शिल्पपट्टी ओळखू यावी, शिलालेखातील अक्षर वाचता यावे, असे वाटत असेल तर लहान पेटी उपयोगाची नव्हती. मद्रास इलाख्यात आणि ब्रह्मदेशात हिंडलेला लिनियस ट्राइप बारा इंच बाय पंधरा इंचांच्या निगेटिव्ह काढी. आग्र्याचा डॉ. मरे त्याहूनही मोठ्या काढी.

त्यापुढचा प्रश्न निगेटिव्ह कशावर घ्यावयाची हा. कागदावर की काचेवर? काचेची पद्धत आर्चर नावाच्या इंग्रजाने १८५१ साली प्रसिद्ध केली. तिचे नाव ओले कोलोडियन. चित्र अत्यंत स्वच्छ उतरे, पण काच जागेवरच द्रवाने माखावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालावयाची आणि वाळण्यापूर्वी धुवून काढावयाची. सर्व काम दहा-पंधरा मिनिटांत आटोपले पाहिजे. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर काळोखाचा तंबू, रसायनांच्या बाटल्या, पाण्याचे बुधले आणि काचांच्या पेट्या, अशी वरातच निघावयाची. कोलोडियनमधला ईथर पस्तीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो. आमच्या चैत्र-वैशाखात तो तंबूतल्या तंबूत उडून जात असे, आणि काच अर्धी ओली, अर्धी कोरडी होऊन बसे. काचेच्या वजनाचाही विचार करावा. बारा बाय पंधरा इंचांची, तीन मिलिमीटर जाडीची एक काच पाऊण किलोहून जड भरते. असल्या वीस काचा म्हणजे एका हमालाचे पुरते ओझे, आणि ते ओझे खाली पडले की सर्व प्रवास फुकट.

कागदाची गोष्ट निराळी. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रेने त्याच १८५१ साली मेण लावलेल्या कागदाची कृती प्रसिद्ध केली. हा कागद घरी तयार करून ठेवता येई, कित्येक दिवसांनी वापरता येई, आणि धुण्याचे काम मुक्कामाला पोचल्यावर रात्री सावकाश करता येई. शंभर कागद एका बासनात मावतात, आणि ते फुटत नाहीत. दोष दोन. कागदाचा तंतू चित्रात थोडा उतरतो, म्हणून काचेइतकी तीक्ष्णता नाही. आणि त्याला उजेड फार वेळ लागतो, मिनिटेच्या मिनिटे. इतक्या वेळात हलणारी वस्तू चित्रात उमटतच नाही. भर बाजारात कॅमेरा लावला तरी चित्रात दुकाने येतात आणि गिऱ्हाइके येत नाहीत. जुन्या चित्रांतील रस्ते पाहून, त्या काळी गावे किती शांत होती असे उद्गार काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. गावे शांत नव्हती, कागद मंद होता.

आता पेटीची गोष्ट. १८५३ साली लंडनच्या टॉमस ऑटेविल या कारागिराने घडीचा कॅमेरा नोंदविला. महोगनीच्या दोन पेट्या एकीत एक सरकणाऱ्या, आणि बाजूंना बिजागऱ्या; भिंग व दुधी काच काढून घेतली की सर्व पेटी पोथीसारखी चपटी होई. याच कारागिराकडून १८५६ च्या मार्चमध्ये ऑक्सफर्डच्या एका तरुण गणितज्ञाने आपला पहिला कॅमेरा पंधरा पौंडांस घेतला. पुढे तो ल्युइस कॅरोल या नावाने मुलांच्या गोष्टी लिहून जगप्रसिद्ध झाला. ज्या वर्षी तो ही खरेदी करीत होता त्याच सुमारास नारायण दाजी मुंबईत हीच विद्या हस्तगत करीत होते. ऑक्सफर्डच्या माणसाला आपली पेटी फार तर टांग्यात घालून नदीकाठापर्यंत न्यावयाची होती. मुंबईच्या माणसापुढे सह्याद्री होता, आणि जूनपासून चार महिने पाऊस होता.

ऑटेविलची पेटी उत्तम, पण जड. १८५६ मध्येच कॅप्टन फाउक या इंजिनिअर अधिकाऱ्याने लाकडाच्या बाजू काढून तेथे पेटीच्या भात्यासारखा चामड्याचा भाता बसविला. पुढच्या वर्षी किनिअर या स्कॉटिश वास्तुशिल्पज्ञाने तो भाता पुढे निमुळता केला. त्यामुळे घड्या एकीवर एक न चढता एकीत एक बसू लागल्या, आणि कॅमेरा चार बोटे जाडीचा झाला. आजही लाकडी घडीचा कॅमेरा ज्याला म्हणतात तो मूलतः किनिअरचाच. किनिअर वास्तुशिल्पज्ञ होता ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ज्याला इमारती पाहावयाच्या असतात त्याला पायी हिंडावे लागते, आणि पायी हिंडणाराच वजनाचा खरा शत्रू.

मग सर्वांनी भात्याचाच कॅमेरा घ्यावा, असे सोपे उत्तर निघाले काय? विलायतेत निघाले. आपल्याकडे निघाले नाही, कारण आपल्याकडे चौथा पक्षकार होता, हवा. महोगनी कोकणच्या पावसात फुगते आणि शिमग्यानंतर आकसते. सरसाने चिकटविलेले सांधे दमट हवेत सुटतात. चामड्याला बुरशी येते, आणि बुरशीतून वाचलेले झुरळे खातात. भात्याला सुईच्या टोकाएवढे भोक पडले तरी निगेटिव्हवर धुराचा लोट उमटल्यासारखा डाग पडतो, आणि तो डाग मुक्कामी पोचून चित्र धुतल्यावरच दिसतो. म्हणून पुढे वसाहतींसाठी मुद्दाम बनविलेल्या कॅमेऱ्यांत महोगनीच्या जागी सागवान आले, सरसाच्या जोडीला पितळी स्क्रू आणि पट्ट्या आल्या, आणि भात्यासाठी बर्चच्या तेलात कमावलेले रशियन चामडे आले, कारण त्याचा उग्र वास कीटकांस सोसत नाही. आज हौशी लोक या पितळी कोपऱ्यांकडे शोभा म्हणून पाहतात. ती शोभा पावसाने करून घेतलेली आहे.

या सर्व निवडींचा परिणाम काय झाला, हे पाहण्यासाठी आपल्या घाटमाथ्यावर जावे लागेल. १८५५ साली कंपनी सरकारने मुंबई इलाख्यातील जुन्या वास्तूंची चित्रे हाताने काढून घेण्याऐवजी कॅमेऱ्याने घेण्याचे ठरविले, आणि तोफखान्यातील कॅप्टन टॉमस बिग्ज यास त्या कामी नेमले. बिग्जने कागदाची निगेटिव्ह पत्करली. विजापूर, बदामी, ऐहोळे येथे तो हिंडला, आणि वर्ष संपण्याच्या आत त्याला परत पलटणीत बोलावण्यात आले. त्याचे काम डॉ. पिगू या लष्करी डॉक्टराने पुढे चालविले. १८५८ मध्ये पिगू वारला आणि ते नील या अधिकाऱ्याकडे गेले. या तिघांची चित्रे १८६६ साली लंडनमध्ये मोठ्या ग्रंथांच्या रूपाने निघाली. त्या खर्चात प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या मुंबईच्या शेटजींचा हात होता.

आम्हा गोमंतकीयांस यात विशेष रस वाटावा असा भाग निराळाच आहे. बिग्ज आणि पिगू यांनी धारवाड व म्हैसूरकडील शिलालेखांचीही चित्रे घेतली होती, आणि होप या अधिकाऱ्याने ती एकत्र करून १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जे. एफ. फ्लीट या मुलकी अधिकाऱ्याने कानडी मुलखातील लेखांचे वाचन हाती घेतले तेव्हा त्याने या चित्रांचा उपयोग केला. लेखाची ओळख देताना होप यांच्या संग्रहातील अमुक क्रमांकाचे चित्र, असा निर्देश त्याच्या लेखनात वारंवार येतो. ज्या फ्लीटने गोव्याच्या कदंब राजांचे लेख मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत छापून आपल्या मध्ययुगीन इतिहासाला कालक्रमाचा कणा दिला, तोच हा फ्लीट. दगडाजवळ न बसता, टेबलावर ठेवलेल्या कागदावरून अक्षर लावण्याची सवय या पिढीला मोठ्या निगेटिव्हने लावली. पोस्टकार्डाएवढ्या चित्रावरून हळेकन्नड लेखाच्या साठ ओळी वाचता आल्या नसत्या. भाऊ दाजी स्वतः शिलालेखांचे वाचक होते. अजिंठ्याच्या लेखांवरील त्यांचा निबंध १८६३ च्या सुमाराचा आहे. आणि जुन्या नकला चुकीच्या असतात म्हणून मूळ लेखावरून नवी प्रतिकृती घ्यावी, हा त्यांचा आग्रह होता. एका भावाचा हा आग्रह आणि दुसऱ्याच्या हातात कॅमेरा, हे एकाच घरात घडले.

पण या नाण्याची मागची बाजूही पाहिली पाहिजे. बिग्ज जिथे गेला ती ठिकाणे पाहा. देशावरचा सपाट मुलूख, बैलगाडीची वाट, मुक्कामाला डाकबंगला. सॅम्युअल बोर्न १८६४ साली काश्मीरकडे निघाला तेव्हा त्याच्या काचा, तंबू आणि सामान यांसाठी बेचाळीस हमाल लागले, असे त्याने लिहून ठेवले आहे. सत्तरीच्या रानात किंवा तेरेखोलच्या काठाने बेचाळीस हमाल घेऊन कोण आणि कशासाठी हिंडणार? गोवा परराज्य होते, कंपनीच्या माणसाला इकडे येण्याचा अधिकार नव्हता, हे कारण खरेच. सर्व खापर ओझ्यावर फोडणे न्यायाचे होणार नाही. तरी पोर्तुगीज हद्दीतही कॅमेरा प्रथम कोठे स्थिरावला? पणजीत आणि जुन्या गोव्याच्या भव्य चर्चांसमोर. पणजीच्या सौझा अँड पॉल या छायाचित्रकारांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टिपलेला गोवा पाहिला म्हणजे मांडवीचा काठ, वाडे, इमारती डोळ्यांसमोर उभ्या राहतात. जिथे होडी किंवा गाडी जाई तिथे काच जाई. नव्या काबिजादीतील डोंगरवाड्यांना, देवराईंना, कुळागरांना असा साक्षीदार फार उशिरा मिळाला.

साक्षीदार हा शब्द आम्ही सहज लिहिला, पण तो आमच्या धंद्याचा शब्द आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ६३ खाली एक उदाहरण दिले होते: मूळ दस्तऐवजाचे छायाचित्र हा त्याच्या मजकुराचा दुय्यम पुरावा होय, दोन्ही ताडून पाहिली नसली तरी चालेल, मात्र ज्याचे छायाचित्र घेतले ती वस्तू मूळच होती हे शाबीत झाले पाहिजे. हा कायदा लिहिला जात होता तेव्हा कोलोडियनचा जमाना संपलेला नव्हता. विधिकाराने हाताने उतरविलेल्या नकलेपेक्षा भिंगावर अधिक विश्वास टाकला, आणि त्याबरोबरच भिंगाच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसावर एक जबाबदारीही टाकली. गोव्यात हा कायदा मुक्तीनंतर आला. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून हे उदाहरण नव्या कायद्यातही कायम आहे.

कॅमेऱ्याच्या इतिहासातील पुढचे टप्पे भराभर सांगता येतील. मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने १८७१ साली जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखविली. दहा वर्षांच्या आत ती बाजारात मिळू लागली, आणि काळोखाचा तंबू इतिहासजमा झाला. जिलेटिनची कटकट वेगळी होती. वैशाखात विहिरीचे पाणी कोमट झाले की धुताना काचेवरचा थर सुटून साईसारखा तरंगू लागे, म्हणून तुरटीचे पाणी जवळ ठेवावे लागे. १८९५ साली सँडरसन या केंब्रिजच्या गृहस्थाने भिंगाची फळी वर-खाली आणि तिरकी करण्याची युक्ती पेटंट केली. हिचे महत्त्व मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ डोळ्यांसमोर आणल्यास कळेल. कॅमेरा मान वर करून लावला की दीपस्तंभ मागे कलंडल्यासारखा दिसतो. कॅमेरा सरळ ठेवून केवळ भिंग वर उचलले की तो ताठ उभा राहतो. हे काम फळीच्या कॅमेऱ्याशिवाय दुसरा कॅमेरा सहजासहजी करीत नाही, आणि मोठ्या घडीच्या कॅमेऱ्याचा आजवर टिकाव लागला तो मुख्यतः या एका गुणावर.

एक टप्पा मात्र रेंगाळण्यासारखा आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे केरळातील आलेप्पी येथे के. करुणाकरन या कारागिराने वागीश्वरी नावाचा लाकडी कॅमेरा बनविण्यास आरंभ केला. त्यांचे घराणे वाद्ये बनविणारांचे. कोणाचा तरी फाटलेला भाता दुरुस्त करण्याच्या निमित्ताने ते या व्यवसायात शिरले, असे सांगतात. ज्या हातांना पेटीचा भाता ठाऊक आहे त्या हातांना कॅमेऱ्याचा भाता परका नसावा, यात नवल नाही. सागवानाचे अंग, पितळी सांधे, विलायती कॅमेऱ्याच्या मानाने हलकी किंमत. कित्येक दशके देशभरच्या स्टुडिओंतून काळ्या कापडाखाली शिरणारे छायाचित्रकार हा कॅमेरा वापरीत होते. विलायतेने सत्तर-ऐंशी वर्षे अडखळत जे शिकले, म्हणजे आमच्या हवेला आमचे लाकूड, ते या गृहस्थांना दाराशीच मिळाले.

आता कोणी म्हणेल, हा सर्व जुना बाजार झाला. आज खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा असताना चार बाय पाच इंचांच्या फिल्मची पेटी कोण घेतो? घेणारे आहेत. २०१४ साली इंग्लंडच्या ब्रायटन शहरात काही तरुणांनी लोकवर्गणीतून इंट्रेपिड नावाचा लाकडी घडीचा कॅमेरा काढला. सव्वा किलोच्या आसपास वजन. आमच्या डिचोली भागातही एक-दोन तरुण स्नेही असल्या कॅमेऱ्याच्या शोधात आहेत, आणि वकिलाला सर्व विषयांतले कळते या गोड गैरसमजातून ते आमच्याकडे सल्ला मागतात. त्यांना आम्ही प्रथम एवढेच विचारतो की, नेणार कोठे?

प्रश्न शिरगावच्या संदर्भात विचारला तर त्याला धार येते. लोहखनिजाच्या खाणींनी या गावच्या डोंगराची रूपरेषा एका पिढीत बदलली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्यानंतर नव्या लिलावांचे पर्व आले. डोंगराची कड कोठे होती, झरा कोणत्या खडकातून फुटत असे, शेताचा बांध कोणत्या रेषेत होता, असे वाद जेव्हा उपस्थित होतात तेव्हा सर्व्हेचा नकाशा एक गोष्ट सांगतो आणि म्हातारी माणसे दुसरी. एका ठराविक जागेवरून, सरळ रेषांनी, दगड न् दगड मोजता येईल असे मोठे चित्र दर दहा वर्षांनी घेतलेले असते तर निम्मी साक्ष वाचली असती. चार बाय पाच इंचांच्या फिल्मचे क्षेत्रफळ नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर चौकटीच्या पंधरापट आहे. त्यात बांधावरचे माडही मोजता येतात.

जत्रेची गोष्ट याच्या उलट. वैशाख शुद्ध पंचमीस श्रीलईराई देवीच्या जत्रेत सोवळे व्रत पाळलेले धोंड हातात वेताची काठी घेऊन पहाटेच्या आधी पेटल्या होमकुंडातून जातात. तिथे मोठा कॅमेरा नेणे म्हणजे गर्दीत अडसर करणे, आणि चित्रात ज्वाळांच्या पांढऱ्या डागापलीकडे काही न मिळणे. १८५५ च्या मंद कागदाने जे गाळले ते आजची मंद पेटीही गाळील. परंतु ३ मे २०२५ च्या पहाटे याच जत्रेत उताराच्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि माणसे प्राणास मुकली. त्यानंतर वाट किती रुंद, उतार किती, दुकाने कोठवर, हे प्रश्न सर्वांच्या तोंडी आले. ती वाट, रिकामी असताना, दिवसाउजेडी, तिपाईवरून सरळ टिपणे हे मोठ्या कॅमेऱ्याचे काम आहे.

तेव्हा आमचा सल्ला असा. नावाच्या मागे लागू नये. जुन्या बाजारात फुल प्लेट, हाफ प्लेट असे देखणे कॅमेरे स्वस्तात मिळतात. पण त्या मापाची फिल्म नेहमी मिळत नाही, इल्फर्ड कंपनी ती वर्षातून एकदा मागणी घेऊन कापून देते. पहिला कॅमेरा चार बाय पाच इंचांचाच घ्यावा. विकत घेण्यापूर्वी काळोख्या खोलीत भात्यात दिवा धरून घड्यांचे कोपरे तपासावेत. उजेडाचा कण दिसला तर भाता बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा. दुधी काच आणि फिल्म एकाच अंतरावर बसतात की नाही हे एखादी पट्टी तिरकी ठेवून, चित्र काढून पाहावे. ही जागा पाच मिलिमीटरची असते, आणि तिथे फरक पडला तर चित्र धूसर होते. दीडशे मिलिमीटरचे भिंग पुरे, मात्र त्याचे प्रकाशवर्तुळ फिल्मपेक्षा ऐसपैस हवे, नाहीतर भिंग वर उचलताच चित्राचे कोपरे काळे पडतात. पावसाळ्यात भिंग बंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे; कापडी पिशवीत ठेवलेल्या भिंगावर श्रावण संपेपर्यंत बुरशीची जाळी धरते. आणि तिपाई हलकी घेऊ नये. कॅमेऱ्यात वाचविलेले वजन तिपाईत खर्चावे.

पहिले काम म्हणून हरवळ्याची लेणी सुचवाविशी वाटतात. शिरगावाहून ती लांब नाहीत, जांभ्या दगडात कोरलेली आहेत, आणि तिथल्या एका लिंगावर ब्राह्मी लिपीतला लहानसा प्राचीन लेख आहे. झिजलेल्या अक्षरांवर समोरून उजेड टाकला तर ती बुजतात; बाजूने, जमिनीलगत, आरशाने किंवा पांढऱ्या कापडाने उजेड वळविला तर प्रत्येक रेघेला सावली पडते. शेजारी इंच आणि सेंटिमीटर दाखविणारी पट्टी ठेवावी. भिंग अक्षरांच्या अगदी समोर, समांतर असावे. दोन फिल्म खर्च कराव्यात, एक डावीकडच्या उजेडाने आणि एक उजवीकडच्या.

घरी येऊन निगेटिव्ह वाळली की पाकिटात घालण्यापूर्वी पाकिटावर तारीख, वेळ, जागा, कॅमेऱ्याचे तोंड कोणत्या दिशेस होते आणि बरोबर कोण होते हे लिहावे, आणि खाली सही करावी. शाई दमट हवेत पसरते, शिसपेन्सिल वापरावी.